सहा डिसेंबरची सही



६ डिसेंबर २०१० ला मी कुठं होतो ते पक्कं आठवतंय. पहाटेच्या लोकलनं कर्जतहून दादरला उतरलो आणि शिवाजी पार्कच्या रांगेत उभा राहिलो. पुढं परभणीकडची एक आजी, काखेत बोचकं, हातात मेणबत्त्यांचा पुडा. रांग चैत्यभूमीकडं मुंगीच्या पावलानं सरकत होती. आणि नेमक्या त्याच दिवशी दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या साक्षीनं एका करारावर सह्या चालल्या होत्या. एका बाजूला अरेवा ही फ्रेंच कंपनी, दुसऱ्या बाजूला आपलं सरकारी अणुवीज महामंडळ. माल काय, तर रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ माडबनच्या सड्यावर उभ्या करायच्या १६५० मेगावॉटच्या अणुभट्ट्या. आधी दोन, पुढं एकूण सहा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा सौदा झाला तेव्हा महाराष्ट्रातली लाखो माणसं दादरला रांगेत होती. तारीख मुद्दाम निवडली असं मी म्हणत नाही. त्यांना ती तारीख आठवलीच नसणार. माझं दुखणं तेच आहे.

आणि माझी गंमत सांगू? दुसऱ्या दिवशी पेपरात ती बातमी वाचली आणि पान उलटलं. फ्रान्स, भारत, अणुभट्टी... आपला काय संबंध? मोठ्या लोकांचा मामला.

परवा कर्जतच्या अभ्यासवर्गात एका पोरानं मला तेच सुनावलं. म्हणाला, "दादा, इथं पोरांची स्कॉलरशिप वेळेवर पडत नाय, आणि तुम्ही अणुकरार घेऊन काय बसलात? परराष्ट्र धोरण खाऊन पोट भरतं का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर झोप लागेना. हा अग्रलेख त्या पोराला उत्तर म्हणून लिहितोय, आणि पान उलटणाऱ्या त्या जुन्या मलासुद्धा.

पहिली गोष्ट. २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. का दिला, असं विचारलं की आपण सगळे एका सुरात म्हणतो, हिंदू कोड बिल. बरोबर आहे. पण ते निवेदन पुरं वाचलंय कुणी? त्यात परराष्ट्र धोरण हे एक स्वतंत्र कारण आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळे देश आपले मित्र होते, चार वर्षांत आपण एकटे पडलो, ही त्यांची तक्रार. आणि त्याच्या लगेच मागं हिशेब: साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर जातात, आणि हा खर्च या धोरणाचं फळ आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या लेखी परराष्ट्र धोरण ही दिल्लीच्या दिवाणखान्यातली गप्पा नव्हती. दुसऱ्या देशाशी आपण कसं वागतो त्याची किंमत इथल्या माणसाच्या ताटातून वजा होते, असा तो सरळ हिशेब होता. राज्यसभेत १९५४ ला पंचशीलावर ते बोलले तेव्हाही तीच नजर. तो हिशेब आपण सोडून दिला. आपण पुतळ्यांची मोजदाद करत बसलो.

दुसरी गोष्ट आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या तारांची.

माझं गाव भिवपुरीच्या अंगाला. घाटावरच्या ठोकरवाडीचं पाणी मोठमोठ्या नळांतून डोंगर उतरतं, चक्रावर पडतं, वीज होते. खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, तिकडं भिऱ्याचं १९२७ चं. तिन्ही टाटांची. कर्जत-खालापूरच्या माणसाला वीज कशी बनते हे कुणी शिकवायला नको. पण ती कुणासाठी बनते, ते शिकायला आपल्याला शंभर वर्षं लागली.

१९२७ सालाकडं जरा थांबून बघा. २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. त्याच जिल्ह्यात, त्याच साली, भिऱ्याला मुळशीचं पाणी चक्रावर पडायला लागलं. त्या पाण्यासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या होत्या, सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला होता. यंत्राला पाणी चालत होतं, माणसानं शिवलं तर बाटत होतं. आणि वीज जायची मुंबईच्या गिरण्यांना. तिथं साचाखात्यात आपल्या माणसाला बंदी! कारण काय, तर तुटलेला धागा तोंडानं ओला करावा लागतो, त्याची थुंकी सवर्णाला कशी चालेल? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. पाणी इथलं, वीज इथली, आणि त्या विजेच्या गिरणीत चांगल्या पगाराचं खातं आपल्याला बंद. माझ्या डोक्यात 'ऊर्जा धोरण' या शब्दाचा अर्थ हा आहे.

या तारा किती मोलाच्या होत्या ते इंग्रजाला माथेरानच्या नाभिक घरातल्या एका वकिलानं दाखवलं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, आपले भाई कोतवाल. १९४२ ला त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात त्यांना गोळी घातली. आज नेरळ-कर्जतला चौकाचौकात त्यांचं नाव आहे. त्यांनी मनोरेच का पाडले, एवढं मात्र कुणी विचारत नाही.

आजी सांगायची, वर तारा गुणगुणायच्या आणि खाली घरात रॉकेलची चिमणी. बापाच्या लग्नात पेट्रोमॅक्स भाड्यानं आणली होती. यासाठी मी कुणा कंपनीला शिव्या घालत नाही. कंपनीनं गिरण्यांना वीज द्यायची म्हटलं, दिली. वीज कुणाला द्यायची हे ज्या बैठकीत ठरलं तिथं आमच्यातलं कुणी नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

लगेच कुणीतरी म्हणेल, हे विजेच्या विरोधात आहेत, यांना बैलगाडीत जायचंय. अजिबात नाही! १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते तेव्हा वीज त्यांच्याच खात्यात होती. १९४३ ला त्यांनी मांडलं की स्वस्त आणि मुबलक वीज आल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योगाशिवाय या देशाची गरिबी हटणार नाही. तेव्हा गांधीबाबाचा चरखा आम्हाला दाखवू नका. वीज पाहिजे. पण वीज कुणाला, आणि तिची जोखीम कुणाच्या अंगावर, हे दोन प्रश्न विचारायचा हक्क आम्ही सोडलेला नाही.

आता २२ जुलै २००८. लोकसभेत मनमोहन सिंग सरकारवर विश्वासदर्शक ठराव. कारण अमेरिकेशी अणुकरार. करार साध्या भाषेत असा. १९७४ ला आपण पोखरणला स्फोट केला, त्यात ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं प्लुटोनियम वापरलं. ती भट्टी कॅनडानं दिलेली, शांततेच्या कामासाठी म्हणून. मग जगानं आपल्याला अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणं आवळत नेलं. १८ जुलै २००५ ला बुश आणि मनमोहन सिंग यांनी ठरवलं की हे कुलूप उघडायचं. बदल्यात आपण विजेच्या भट्ट्या आणि लष्करी भट्ट्या वेगळ्या करायच्या, बावीसपैकी चौदा भट्ट्यांवर आंतरराष्ट्रीय तपासनीस येऊ द्यायचे. डाव्यांनी पाठिंबा काढला. म्हणून ठराव.

त्या चर्चेत राहुल गांधी उभे राहिले आणि त्यांनी विदर्भातल्या दोन गरीब बायांची कहाणी सांगितली. त्यातली एक कलावती. सूर असा, की हा करार अशा घरांत दिवा लावण्यासाठी आहे. कलावतीचं नाव निघालं तसा सभागृहात हशा पिकला. त्याच दिवशी त्याच सभागृहात नोटांची बंडलंही फडकली. सरकार २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरलं.

मला त्या हशाचा राग आला होता. आजही येतो. पण त्याहून जास्त राग मला त्या युक्तिवादाचा येतो. यवतमाळच्या झोपडीत दिवा नाही, तो युरेनियम नाही म्हणून? माझ्या आजीच्या डोक्यावरून वीज जात होती, तिच्या घरात नव्हती. मनोरा शंभर पावलांवर होता! अंधार विजेच्या तुटवड्यानं होतो ही बाहेरच्याची समजूत. आमच्याकडं अंधार वाटपानं होतो.

आणि एक गंमत बघा. त्या दिवशी करारावर मतदान झालंच नाही. मतदान झालं सरकारवर. आपल्याकडं परदेशाशी करार करणं हा मंत्रिमंडळाचा अधिकार समजतात, संसदेची मंजुरी लागत नाही. घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत अणुऊर्जाही आहे आणि परदेशांशी करारही आहेत. म्हणजे करार कसे करावेत याचा कायदा संसद करू शकते. केला नाही. कुठल्याही पक्षाच्या सरकारनं नाही. उलट अमेरिकेत हाच करार त्यांच्या प्रतिनिधीगृहात आणि सिनेटमध्ये मताला टाकला गेला. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३. भारताशी करार करावा का, यावर तिकडचे शंभर सिनेटर बोलू शकले. इकडं कलावतीच्या खासदाराला तो हक्क नव्हता. तिचं नाव मात्र घेतलं गेलं.

करार म्हणजे काय हे महाराष्ट्राला नवं नाही. तारापूर आपल्याच दाराशी आहे. १९६३ ला अमेरिकेशी तीस वर्षांचा करार, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या, १९६९ ला वीज सुरू. तीस वर्षं इंधन देणार असं लिहिलेलं. १९७४ च्या स्फोटानंतर त्यांनी १९७८ ला घरचा कायदा बदलला आणि इंधन अडवलं. १९८२ ला फ्रान्सच्या दारात जावं लागलं, पुढं चीन, पुढं रशिया. उजव्या-डाव्यांचा सगळा वाद या एवढ्याच तुकड्यावर चालतो: कोण मित्र, कोणी दगा दिला, सार्वभौमत्व गहाण पडलं का. असू द्या, तोही प्रश्न आहे. पण तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. तिथल्या मच्छिमारांना पुनर्वसनासाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. त्यांचं सार्वभौमत्व कुठल्या कलमात होतं?

आता पृथ्वीराज चव्हाणांबद्दल. त्यांच्यावर खास लिहायचं कारण असं की अणुकराराचं धोरण आणि महाराष्ट्राची जमीन, दोन्ही टोकं ज्याच्या हातात आली असा हा एकच मराठी पुढारी. २००४ पासून पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री. पिलानी आणि बर्कलेला शिकलेला इंजिनिअर. अमेरिकेशी कराराची बाजू त्यांनी लावून धरली. २०१० ला अणुअपघाताच्या नुकसानभरपाईचं बिल संसदेत त्यांनीच मांडलं आणि पार नेलं. आणि ११ नोव्हेंबर २०१० ला ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. महिना भरायच्या आत ती सहा डिसेंबरची सही. पुढं जैतापूरचं समर्थन त्यांनी सोडलं नाही.

माणूस स्वच्छ, अभ्यासू, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. म्हणूनच सांगतो. चोर असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: जगानं टाकलेला बहिष्कार उठला, फ्रान्स-रशिया-अमेरिकेशी व्यवहार करायचा तर भरपाईचा कायदा लागतो, महाराष्ट्रात भारनियमन आहे. सगळं खरं. पण हा सगळा विचार दिल्लीच्या खुर्चीतून खाली येतो. देश, मग राज्य, मग मेगावॉट. माणूस शेवटी येतो, तोही 'प्रकल्पग्रस्त' होऊन.

त्या बिलातली मेख समजून घ्या. सुरुवातीला भट्टी चालवणाऱ्यावर ५०० कोटींची मर्यादा होती, ती १५०० कोटी झाली. भट्टी चालवणार सरकारी कंपनी, म्हणजे पैसा तुमचा-आमचा. मग ज्यानं सदोष यंत्र विकलं त्या परदेशी कंपनीचं काय? कलम १७ मध्ये तिच्याकडून वसुलीची सोय होती. त्या कलमाच्या दोन पोटकलमांमध्ये संसदीय समितीच्या अहवालात 'आणि' हा एक शब्द घुसला. दोन अक्षरं! पण 'आणि' राहिला असता तर कंपनीनं स्वतः करारात लेखी कबूल केल्याशिवाय वसुली झाली नसती. आता कुठला दुकानदार लिहून देईल? विरोधकांनी बोंब मारली, 'आणि' गेला. मग नवी शक्कल आली, की कंपनीचा नुकसान करायचा हेतू होता हे सिद्ध करा. तीही मागं घ्यावी लागली. त्याच जून महिन्यात भोपाळचा निकाल लागला होता, दोन वर्षांची शिक्षा आणि लगेच जामीन. १९८४ ची ती मेलेली माणसं त्या 'आणि'च्या विरोधात उभी राहिली असं मला वाटतं.

पुढच्याच वर्षी, ११ मार्च २०११ ला फुकुशिमा. तिथली पहिली भट्टी जनरल इलेक्ट्रिकची, आपल्या तारापूरच्याच घराण्यातली. जपानच्या कायद्यात यंत्र विकणाऱ्याची जबाबदारी शून्य. सगळं वीज कंपनीवर, आणि तिला तारायला पैसा जनतेचा. महिनाभरानं, १८ एप्रिलला, इकडं नाट्याला जैतापूरविरोधी मोर्च्यावर पोलिसांनी गोळीबार केला. साखरी नाट्याचा एक तरुण मच्छिमार गेला. मुसलमान कोळ्याचा पोरगा. आपल्यातले किती जण तिकडं गेले? मी गेलो नाही.

म्हणून आता स्वतःच्या घरात बघू. २००८ ला मायावतींच्या बसपनं सरकारविरुद्ध मत दिलं. तेव्हा डावे त्यांना पंतप्रधान करायला निघाले होते, आपण टाळ्या वाजवल्या. पण भरपाई कुणी द्यायची, जमीन कुणाची जाणार, हे प्रश्न त्या टाळ्यांत कुठं होते? इकडं आठवलेसाहेब तेव्हा काँग्रेस आघाडीत, २०११ ला सेना-भाजपच्या युतीत. सेना जैतापूरच्या विरोधात, भाजप २००८ ला कराराच्या विरोधात आणि सत्तेत आल्यावर त्याच कराराचा मोठा भाऊ! २०१५ ला ओबामा आले तेव्हा कंपन्यांची भीती कशी घालवायची याचाच खल चालला होता. तुमच्या तालुक्यातल्या कुठल्याही गटाच्या कार्यकर्त्याला विचारा, अणुभट्टीच्या पुरवठादाराच्या जबाबदारीवर पक्षाची भूमिका काय? तो चहा मागवेल.

बुद्धाचं नाव मात्र सगळ्यांना चालतं. १९७४ च्या स्फोटाला 'हसरा बुद्ध' म्हणाले. १९९८ चे स्फोट ११ मेला केले, बुद्धपौर्णिमेला. आणि डिसेंबर २०२५ ला संसदेनं अणुऊर्जेचा नवा कायदा केला, त्याचं लघुनाव 'शांती'. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा भरपाईचा कायदा, दोन्ही त्यानं मोडीत काढले. खाजगी कंपन्यांना भट्ट्या चालवायचं दार उघडलं. आणि पुरवठादाराकडून वसुलीचं ते पोटकलम, ज्याच्यासाठी एका 'आणि'वरून संसद भांडली होती, ते गेलं. आता वसुली फक्त करारात लिहिलं असेल तर, नाहीतर हेतू सिद्ध झाला तर. म्हणजे २०१० ला जे मागच्या दारानं आत आलं नाही ते पंधरा वर्षांनी पुढच्या दारानं, दोन-चार दिवसांच्या चर्चेत आलं. त्या आठवड्यात आपल्या ग्रुपांवर काय चाललं होतं ते मी जाऊन परत बघितलं. भीमा कोरेगावला जायच्या बसचं बुकिंग.

माडबनला अजून भट्टी नाही. अरेवा बुडाली, तिचा भट्ट्यांचा धंदा फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीकडं गेला, २०१८ ला नवा करार, २०२१ ला नवी ऑफर. माडबन, करेल, निवेली, मिठगवाणे इथल्या जमिनी मात्र गेल्यात. फ्रान्सची कंपनी कंपनीसारखी बदलू शकते. सातबारा तसा परत फिरत नाही.

अभ्यासवर्गातल्या त्या पोराला मी हे सगळं तोंडी सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "तो नवा कायदा मराठीत हाये का?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ठरवलंय, पुढच्या अंकात भरपाईची कलमं आपण सोप्या मराठीत छापायची, जुनी आणि नवी शेजारी शेजारी. वकिली शिकणारी तीन पोरं तयार आहेत, एक बदलापूरची, दोन खोपोलीची. आणखी दोघं-तिघं लागतील. रविवारी अकराच्या सुमारास कर्जत स्टेशनबाहेर या, वडापाव आमच्याकडून. डिक्शनरी मात्र ज्याची त्यानं आणायची.

जय भीम.